श्रीपतच्या दाखल्यातलं एक वाक्य

ही हकीकत तुम्ही अर्धी ऐकलेली असेल. बुलढाण्याच्या कचेरीत ती कित्येक वर्षं फिरत होती. चहाच्या वेळी कुणीतरी नव्या माणसाला ती सांगायचं, सगळे हसायचे, मीही हसायचो. पुढेपुढे तर मीच ती रंगवून सांगू लागलो. पण तिची उरलेली अर्धी बाजू — ती आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. ज्याला सांगायला हवी होती तो आता नाही. मग आता का सांगतो? मलाही नीट ठाऊक नाही. वय झालं, एवढंच.

आधी श्रीपतबद्दल सांगतो. त्याच्याबद्दल बोलायला लागलो की मला बरं वाटतं — आणि मुद्द्यावर यायला उशीर होतो, हे तुम्ही ओळखालच.

श्रीपत वडनेर भोलजीचा. घरची शेती, वडील लवकर गेलेले, थोरला भाऊ सगळं पाहायचा. गावची शाळा संपवून तो घाट चढून बुलढाण्याच्या हायस्कुलात आला. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, हुकूम नागपूरहून यायचे, आणि आमच्या गावात माणसाची किंमत त्याच्या इंग्रजीवर व्हायची. पहिल्या दिवशी इंग्रजीच्या मास्तरांनी नाव विचारलं. मास्तर पुण्याकडचे. हा उभा राहिला आणि म्हणाला, "माहं नाव श्रीपत." वर्ग हसला. मीही हसलो.

माझे वडील कचेरीत नक्कलनवीस होते. त्यांचं अक्षर असं की छापल्यासारखं दिसे, आणि तेवढी एकच इस्टेट त्यांनी मला दिली. आमच्या घरात 'मला-तुला' बोलायचं असा दंडक होता. पण श्रीपतशी मैत्री झाली आणि मी बाहेर 'मले-तुले' बोलू लागलो. घरी तोंडातून निघालं की आई डोळे वटारायची. तरी तिला श्रीपत आवडायचा. तो यायचा तेव्हा ओसरीवरच बसायचा, आत यायचा नाही, आणि आईही कधी आत ये म्हणाली नाही. पण थालीपीठ झालं की पहिलं त्याला जायचं.

आमची मैत्री जमली ती इंग्रजीवरून. शाळेच्या कपाटात वाक्प्रचारांचं एक जाड पुस्तक होतं — इंग्रज माणूस बोलताना काय म्हणतो आणि त्याचा अर्थ काय, असं सगळं त्यात दिलेलं. ते एका दिवसासाठीच घरी मिळे. आम्ही दोघं ते आळीपाळीने आणायचो, तळ्याच्या काठी कडुलिंबाखाली बसायचो, आणि एका वहीत उतरवून घ्यायचो. डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला आपलं. थंडीचे दिवस असायचे. बुलढाण्याची ती थंडी तुम्ही अनुभवली आहे का? खाली मलकापुरात लोक उघडे बसलेले असायचे आणि वर आम्ही उन्हाचा तुकडा सरकेल तसे सरकत बसायचो. सीताफळं खायची, बिया तळ्यात थुंकायच्या, आणि भांडायचं. काय भांडायचो आम्ही! अमक्या इंग्रजी वाक्प्रचाराला आपल्याकडे काय म्हणतील, यावर एकेकदा दोन-दोन दिवस अबोला.

श्रीपतची रीत वेगळी होती. मी अर्थ पाठ करायचो. तो आधी डोळे मिटायचा आणि विचारायचा, हे बोलताना साहेबाच्या मनात काय दिसत असेल? भीती वाटली की त्यांचे पाय थंड पडतात, हे वाचलं त्या दिवशी तो खुळ्यासारखा हसला होता. आपलेही हातपाय गारच पडतात की. "म्हनजे साहेबबी भेते बे," तो म्हणाला, "आन् आपल्यासारखाच भेते." त्याला त्याचा केवढा आनंद झाला होता. मला काय, मी ते वहीत लिहून पुढे गेलो.

वहीच्या शेवटी एक पान होतं, त्याला आम्ही 'फसव्यांचं पान' म्हणायचो. दिसायला आपल्यासारखे, पण अर्थाने उलटे, असे वाक्प्रचार त्यात. ती कल्पनाही श्रीपतचीच. पहिली नोंद पाय ओढण्याची. इंग्रज एखाद्याचा पाय ओढतो म्हणजे त्याची गंमत करतो. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे त्याला वर चढू न देणं. "त्याहीची मस्करी आन् आपली दुश्मनी," श्रीपत म्हणाला, आणि त्याने त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली. असे दहा-बारा फसवे आम्ही पकडले असतील. त्यांतला एक पुढे सांगतोच.

मॅट्रिकच्या वर्षी एक लहानशी गोष्ट घडली. लहानशीच — पण ती लपवून पुढचं सांगितलं तर ते खोटं होईल. हेडमास्तरांनी निबंधाच्या वह्या परत दिल्या. ते मूळचे गणिताचे, इंग्रजी त्यांचं कामापुरतं, पण माणूस पारखी. माझ्या वहीवर हात ठेवून ते सगळ्या वर्गाला म्हणाले, याच्या इंग्रजीत एक चूक सापडायची नाही. मग श्रीपतची वही उचलली आणि म्हणाले, याच्यात चुका आहेत, पण हा इंग्रजीत बोलतो. आधीचा नुसता लिहितो.

झालं. एवढंच. श्रीपत माझ्याकडे बघून खांदे उडवून हसला. मी पण हसलो असेन. त्या रात्रीपासून मात्र मला वाटू लागलं की — कसं सांगू — की जे माझं होतं ते कुणीतरी शेतातून येऊन उचलून नेलंय. घरात तीन पिढ्या लेखणी, आणि इंग्रजी बोलणार कोण, तर ओसरीवर बसणारा. हे मी तेव्हा एवढ्या स्पष्ट शब्दांत मनाशीही म्हटलं नव्हतं. पण होतं ते हेच.

आम्ही दोघंही पास झालो. त्याच उन्हाळ्यात डिप्टी कमिशनर साहेबांच्या कचेरीत इंग्रजी कारकुनाची एक जागा निघाली. एकच. आमच्या शाळेतून अर्ज गेले दोन — माझा आणि श्रीपतचा. माझ्या वडिलांनी ती जागा मनाने मला केव्हाच देऊन टाकली होती. श्रीपतच्या भावाने त्याला सांगून ठेवलं होतं, कचेरीत लागला तर लाग, नाहीतर पेरणीला घरी ये. घरात हात कमी पडतात. म्हणजे त्याच्यासाठी ती जागा सुटली की इंग्रजीही सुटणार होतं. हे मला माहीत होतं. तळ्याच्या काठी त्यानेच सांगितलं होतं.

अर्जासोबत हेडमास्तरांचा दाखला लागायचा — मुलगा कसा आहे, स्वभाव कसा, चालचलन कसं. हेडमास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कागद नाकाशी धरला तरी त्यांना अक्षर लागत नसे. तेव्हा असे कागद ते माझ्याकडून लिहवून घेत, माझं अक्षर चांगलं म्हणून, आणि खाली बोटाने जागा चाचपून सही करत.

दुपारची वेळ होती. त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत. माझा दाखला आधी झाला: मेहनती, विश्वासू, सुस्वभावी. मग श्रीपतचा. हेडमास्तर डोळे मिटून मराठीत सांगत होते आणि मी इंग्रजी करत होतो. हुशार आहे, लिही. प्रामाणिक आहे, लिही. मग ते थांबले आणि चेहऱ्यावर हसू आणून म्हणाले, "हा रिकामा बसतच नाही रे. कामासाठी याचे हात शिवशिवत असतात. यासाठी इंग्रजीत चांगला वाक्प्रचार बघ. तुम्हा दोघांना तो नाद आहे ना?"

मी म्हणालो, बघतो.

आता इथे जी गंमत लोक हसून सांगत, ती अशी: हात शिवशिवणे म्हणजे इंग्रजीत काय, असा विचार करता करता मला एक वाक्प्रचार आठवला — 'इचिंग पाम'. तळहात खाजणारा. शब्दशः अगदी जवळचा. मी बिचाऱ्याने तो आपल्या मित्राच्या दाखल्यात लिहून टाकला. आणि इंग्रजीत तळहात खाजणे याचा अर्थ लाच खाण्याची चटक. सज्जन हेडमास्तरांनी सरकारला लेखी कळवलं की या मुलाला लाच खायची सवय आहे! हसलात ना? सगळेच हसतात. वऱ्हाडी पोराची इंग्रजीत फजिती.

पण मला अर्थ माहीत होता.

फसव्यांच्या पानावरची ती चौथी का पाचवी नोंद होती. अक्षर श्रीपतचं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे 'लाचखाऊपणा', आणि त्याखाली लाल पेन्सिलीने — 'हात शिवशिवणे नव्हे.' मला त्या पानाचा कोपराही आठवत होता. लिहिताना मी अडखळलो का? नाही. तेच सांगायचं आहे मला. दौतीत टाक बुडवताना मला दुसरे चांगले शब्द सुचत होते, तीन-चार तरी, साधे, सरळ. त्यांतला एकही मी घेतला नाही. आणि लिहून झाल्यावर — हे सांगायला मला इतकी वर्षं लागली — मला आनंद झाला. शब्द चपखल बसल्याचा आनंद. मला जे म्हणायचं होतं ते नेमकं म्हणणारा, आणि पकडलं गेलं तर चूक म्हणून सुटता येईल असा वाक्प्रचार मला सापडला होता. आयुष्यात इंग्रजी मी इतकं बरोबर पुन्हा कधी वापरलं नाही.

अजून आहे. हेडमास्तर म्हणाले, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं. पण त्या ओळीपाशी आलो तेव्हा कागदावर होतं ते वाचलं नाही. याचे हात कामासाठी आसुसलेले असतात, अशा अर्थाचं साधं इंग्रजी वाक्य मी तोंडाने म्हटलं. ते म्हणाले, छान. मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर नेलं.

म्हणजे 'चूक झाली' हा पडदा माझ्यापुरता तरी उरला नव्हता. चूक करणारा माणूस कागदावरचं वाचतो.

आठवड्याने साहेबांनी आम्हाला भेटीला बोलावलं. आधी मी गेलो. दोन प्रश्न, नीट उत्तरं, संपलं. मग श्रीपत. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो होतो. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. आम्ही बाजाराच्या रस्त्याने चालू लागलो आणि तो सांगू लागला. साहेबांनी काहीच विचारलं नाही म्हणे. कागद वाचला, मग याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, तुझा हात दाखव. त्याने उजवा हात पुढे केला. साहेबांनी टेबलावरून वाकून तळहात पाहिला, किंचित हसले, आणि जा म्हणाले.

"नांगराचे घट्टे हायेत ना माह्या हाताले," श्रीपत म्हणाला. "थे पाहून खूश झाला असन. कष्टाचा हात हाये म्हनून." आणि त्याने तो तळहात माझ्यापुढे धरला, मलाही दिसावेत म्हणून.

मी पाहिले. घट्टे होते. चार बोटांच्या मुळाशी चार, पिवळट, कडक. मी म्हणालो, हो, तसंच असेल.

अजून वेळ होता. साहेब कचेरीतच होते, मागे वळून शंभर पावलं चालायची होती. आमच्या हातून शब्दाची चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं न सांगताही त्याला वाचवता आलं असतं. मी नाही गेलो. आम्ही तळ्यापर्यंत चालत गेलो आणि तो वाटभर बोलत होता — जागा मिळाली तर खोली कुठे घ्यायची, भावाला कसं सांगायचं, कचेरीतली जुनी इंग्रजी पुस्तकं वाचायला मिळतील का.

जागा मला मिळाली. श्रीपतने मला मिठी मारली. आईने साखर वाटली, पहिली चिमूट त्याच्याच हातावर ठेवली. पेरणीच्या आधी त्याचा भाऊ दमणी घेऊन आला. ट्रंक चढवली, वळकटी चढवली. बैल घाटाकडे वळले तसं श्रीपतने मागे पाहून हात केला. वही माझ्याकडेच राहिली होती. तो म्हणाला होता, तुलाच कामाला येईल. ती मी पुढे एके सकाळी बंबात घातली.

तीन वर्षांनी कचेरीत जुनी कागदपत्रं काढून टाकत होते. आमच्या बडेबाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, तो दाखला सापडला. त्यांनी मोठ्याने वाचला. खाली हेडमास्तरांची वाकडीतिकडी सही, वर माझं अक्षर — कुणालाही ओळखू यावं असं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घातली आणि म्हणालो, मला वाटलं हात शिवशिवणे. केवढा हशा झाला. बडेबाबूंनी डोळे पुसले. त्या दिवसापासून ही गोष्ट सुरू झाली. हेडमास्तर तोवर वारले होते. त्यांनी आयुष्यात कुणाची निंदा केली नव्हती; त्यांच्या सहीनिशी ते वाक्य मात्र राहून गेलं.

मग आणखी काही वर्षांनी साहेबांचा दौरा वडनेरला पडला. साहेब नवे होते, तरुण. थंडीचे दिवस, गावाबाहेर आमराईत तंबू. मी दुभाषा म्हणून सोबत, बडेबाबूही होते. गावकरी समोर जमिनीवर बसले होते. नाल्यावर लहानसा पूल हवा होता त्यांना; पावसाळ्यात गाव तुटून पडायचं. मी सुरुवातीलाच मागे पाहून घेतलं. कडब्याची गाडी लावून श्रीपत गर्दीच्या शेवटी उभा होता. अंगाने भरला होता, मिशा आल्या होत्या. त्याने मला पाहिलं, मान हलवली. मी कागदांत डोकं घातलं.

एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "साहेब दरसाली येतेत अन् आमच्या तोंडाले पानं पुसून जातेत."

मी अडकलो. काय म्हणायचं याला? शब्दाला शब्द लावून मी इंग्रजीत सांगितलं की ते म्हणतात, साहेब आमच्या तोंडाला पानं पुसतात. साहेबांनी विचारलं, कसली पानं? मी गडबडलो, काहीतरी पुटपुटलो. साहेबांच्या कपाळावर आठी आली. आणि मागून, गाडीजवळून, शांत आवाजात इंग्रजी वाक्य आलं — "दे फॉब अस ऑफ विथ प्रॉमिसेस, सर."

नुसत्या वचनांवर आमची बोळवण करतात. अगदी तेच. एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. इतक्या वर्षांत तो इंग्रजी कुणाशी बोलला असेल? बैलांशी?

साहेबांनी मान वर केली आणि मला विचारलं, हा कोण?

मी काय म्हणालो असेन? माझा मित्र? माझ्याहून ज्याचं इंग्रजी चांगलं तो? मी म्हणालो, याच गावचा एक शेतकरी आहे, सर.

साहेबांनी त्याला पुढे बोलावलं, नाव विचारलं. नाव ऐकताच बडेबाबूंना आठवलं. ते हसत पुढे झाले आणि त्यांनी साहेबांना सगळी गोष्ट सांगितली — दाखला, हात शिवशिवणे, खाजणारा तळहात, आणि लिहिणारा हाच, म्हणून माझ्याकडे बोट. साहेब आधी मोठ्याने हसले. मग हसायचे थांबले. बहुधा समोर उभ्या माणसाचं त्यात काय गेलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. श्रीपतला ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती. साहेबांनी आपला हात का पाहिला होता, ते त्याला आत्ता समजलं. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. त्याच्या उजव्या हातात कडब्याची पेंढी होती, तिच्याकडे पाहत राहिलो.

साहेबांनी त्याला इंग्रजीत विचारलं, तुझ्या या मित्राला त्या वेळी अर्थ ठाऊक नव्हता का?

त्याने पेंढी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ज्याने ती नोंद केली, लाल पेन्सिलीने ताकीद लिहिली, त्याला हा प्रश्न. मग तो म्हणाला, "नो, सर. नाइदर ऑफ अस न्यू."

आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता.

साहेब हळहळले. काही काम देता येईल का म्हणून चौकशीही केली. श्रीपतने सांगितलं, भाऊ गेला, दोन घरांची शेती आहे, आता जमायचं नाही. साहेबांनी पुलाची नोंद करून घेतली. तो पूल पुढच्या वर्षी झाला.

संध्याकाळी मी त्याच्या मागे गेलो. तो नाल्यात बैलांना पाणी पाजत होता. मी काठावर उभा राहिलो. म्हणालो, "श्रीपत, तुले एक सांगाचं होतं —"

"नको सांगू," तो म्हणाला. मागे वळला नाही. "सांगशीन तं मले त्याच्यावर काईतरी म्हना लागन. आन् मले काईच म्हनाचं नाई."

बैलांनी पाणी पिऊन माना वर केल्या. त्याने कासरा ओढला आणि मला म्हणाला, घरी चल, भाकर खाऊन जा. मी गेलो. जेवलो. त्याच्या घरात मी आतल्या खोलीत बसून जेवलो.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं भेटत राहिलो. तो बुलढाण्याला आला की ज्वारीचा हुरडा आणायचा, माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करायचा. माझ्याशी इंग्रजी एक शब्द बोलला नाही. मी एकदा-दोनदा काढून पाहिलं. अमकं इंग्रजीत कसं म्हणतील रे, म्हणून. तो पावसाचं बोलायला लागला. मी कचेरीत चढत गेलो, निवृत्त झालो, निरोपाच्या वेळी लोकांनी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. आणि मला सारखं म्हणावंसं वाटायचं की बरं झालं, शेतीत तो सुखी होता, मुलं चांगली निघाली. असं म्हणणं सोपं असतं. तो सुखी होता की नाही, हे मला कधी विचारता आलं नाही.

मागच्या वर्षी तो गेला. तेराव्याला मी वडनेरला गेलो. पंगत उठल्यावर त्याचा मोठा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. तो आता शिक्षक आहे. जमलेल्या पाहुण्यांना त्याने माझी ओळख करून दिली आणि म्हणाला, बाबा यांची ती इंग्रजीची गोष्ट नेहमी सांगायचे. चूक यांच्याकडून झाली, पण दाखला लिहायला मी बसलो असतो तर मीही तेच लिहिलं असतं, असं बाबा म्हणायचे. मग हसून त्याने मला विचारलं, "काका, तुम्हाला खरंच तवा अर्थ माहीत नोहता?"

पाहुणे माझ्याकडे बघत होते. त्याच्या डोळ्यांत नुसतं कौतुक होतं.

मी म्हणालो, "नाही रे बाबा. आम्हाला तेव्हा कुठे काय कळत होतं."

आम्हाला, म्हणालो मी. आम्हाला कळत होतं. दोघांनाही.